आमची वाटचाल : दोन बेअरिंगांमधली नळी

माझे वडील बेळगावच्या वडगावात यंत्रमाग दुरुस्त करायचे. शहापूर, खासबाग, वडगाव हा सगळा विणकरांचा पट्टा. मागाचा शाफ्ट खडखडायला लागला की रात्री-अपरात्रीही बोलावणं यायचं आणि मी पिशवी घेऊन त्यांच्या मागं निघायचो. शाफ्ट दोन बोटांत धरून हलवायचे आणि म्हणायचे, "खेळ आलाय, बुश बदलूया." खेळ म्हणजे सैलपणा आणि बुश म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी. तो खेळ ओळखायला मी त्यांच्याकडून शिकलो. आज आम्ही बाईकच्या चाकांचे हब, म्हणजे एक्सलवर फिरणारे चाकांचे मधले भाग, कातून देतो आणि आमचं घर त्या शिकण्यावरच चालतं.

आयटीआय झाल्यावर उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरच्या कारखान्यात बोअरिंगवर, म्हणजे भोक आतून मापात कातायच्या कामावर, अकरा वर्षं काढली. २००९ मध्ये एक जुना लेथ घेतला आणि घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. बुश, पुली, रसाच्या गुऱ्हाळाचे रोलर, जे येईल ते. बाईकच्या चाकांकडं वळायचं असं काही ठरवलं नव्हतं. टिळकवाडीचा एक मुलगा बुलेटचं मागचं चाक घेऊन आला. त्याला रुंद रिम आणि डिस्क ब्रेक हवा होता, पण तसा हब मिळत नव्हता. "दादा, तुम्हीच करून द्या की," म्हणाला. अ‍ॅल्युमिनियमचा गोळा आणला आणि हब कातला. तो चांगला चालला. त्याच्या मित्रांनी पाहिला, मग कोल्हापूरहून आणि गोव्याहून विचारणा यायला लागली.

तिसऱ्या का चौथ्या चाकात आम्ही मोठी चूक केली. ती इथं मुद्दाम सांगतो, कारण आमची खरी सुरुवात मी तिथूनच धरतो.

खानापूरच्या एका गिऱ्हाइकाला मागचं चाक करून दिलं होतं. महिन्याभरात बेअरिंग गेलं. नवं घालून दिलं, तेही गेलं. मी बेअरिंगला दोष दिला, कंपनी बदलली. पावसाच्या तोंडावर त्याचा फोन आला : चोर्ला घाटाच्या रस्त्यावर, कणकुंबीच्या अलीकडं चाक जाम झालंय. मलप्रभेचा उगम तिथलाच, झाडी दाट, माणूस विरळ. मी पाना-हातोडा घेऊन टेम्पोनं गेलो. हबला हात लावला तर चटका बसला. गाडी उचलून चाक फिरवलं तर जेमतेम पाव फेरा झाला. चेन काढायच्या तयारीनं एक्सलचा नट अर्धा फेरा सैल केला आणि चाक आपोआप मोकळं फिरायला लागलं. नट आवळला की जड, सैल केला की मोकळं. चार वेळा तसं करून बघितलं. त्या पावसात रस्त्यावर बसून मला कळलं की बेअरिंग निर्दोष आहे, दोन बेअरिंगांच्या मधली माझी नळी आखूड आहे.

ती गोष्ट अशी असते. बेअरिंगची आउटर, म्हणजे बाहेरची कडी, हबमध्ये घट्ट बसते आणि चाकाबरोबर फिरते. इनर, म्हणजे आतली कडी, एक्सलवर स्थिर राहते. नट आवळला की त्याचा सगळा दाब बाहेरचा स्पेसर, एक इनर, मधली नळी, दुसरी इनर, पलीकडचा स्पेसर या रांगेतून जातो. ही रांग दगडी खांबासारखी भरीव राहायला हवी. नळी आखूड असेल तर दोन्ही इनर एकमेकींकडं ओढल्या जातात, आउटर मात्र हबच्या खांद्यांना, म्हणजे आतल्या पायऱ्यांना, टेकून तिथंच राहतात. मग गोळ्या बाजूनं चेपल्या जातात, ग्रीस तापून वितळतं आणि बेअरिंग जातं. माझी नळी लेथवर बरोबर उतरली होती. शेवटी धार मोडताना ती ग्राइंडरला लावली, तिथं तोंड तिरकं झालं आणि लांबी गेली. घरी आणून मोजली तर ०.३ मिलिमीटर कमी भरली. एवढ्यासाठी तो माणूस घाटात अडकला होता. त्याला नवीन हब करून दिला, पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून ड्रॉइंगवर नळीची लांबी आधीच लिहीत नाही. हब पूर्ण कातून झाला की आतल्या दोन खांद्यांमधलं अंतर मोजायचं आणि नळी त्याच्यापेक्षा ०.१ मिमी लांब ठेवायची. दोन्ही तोंडं एकमेकांना समांतर हवीत, शेवटचा कट लेथवरच. डिस्कच्या बाजूचं बेअरिंग खांद्याला पक्कं टेकवायचं. मग नळी सोडायची आणि दुसरं बेअरिंग नळीला टेकेपर्यंतच दाबायचं. त्याच्या आउटरमागं केसाएवढी फट राहते. नवीन पोराला ती फट चूक वाटते, तो अजून एक ठोका मारायला जातो. त्याचा हात धरावा लागतो.

बोअरचं, म्हणजे हबमध्ये बेअरिंग बसतं त्या भोकाचं, गणितही तितकंच नाजूक. ६२०४ क्रमांकाच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ४७ मिमी. त्यासाठी आम्ही बोअर ४६.९७५ ते ४६.९८५ मध्ये ठेवतो. सैल झाला तर आउटर बोअरमध्ये सरकत फिरते आणि बोअर आरशासारखा चकचकीत होतो, कडेला काळी पूड जमते. त्यात अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून ड्रम ब्रेक असलेला हब घाटउतारावर आणखी सैल होतो. फार घट्ट केला तर आउटर आवळली जाऊन बेअरिंगच्या आतली मोकळीक संपते. सी३ या जरा जास्त मोकळिकीच्या वर्गातल्या ६२०४ मध्येही ती मोकळीक मुळात १३ ते २८ मायक्रॉनच असते. त्यामुळं ठोकाठोकी बंद. हब ओव्हनमध्ये शंभर अंशांपर्यंत तापवला की बोअर सुमारे ०.०८ मिमी उघडतो आणि बेअरिंग स्वतःच्या वजनानं आत उतरतं. तळाला टेकतानाचा तो 'टक' आवाज मला अजून आवडतो.

कुणी सैल बोअरला सेंटर पंचाचे ठिपके मारून, कुणी थंड पेयाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून बेअरिंग बसवून दिलेलं चाक आमच्याकडं येतं तेव्हा वाईट वाटतं. ठिपक्यांच्या टोकांवर आउटर टेकते, पाच-सहाशे किलोमीटरमध्ये टोकं दबतात आणि पुन्हा डगडग सुरू. त्या चाकावर बहुतेक वेळा मागं बायको किंवा मूल बसणार असतं. असा बोअर मोठा करून आम्ही बाही, म्हणजे धातूची नळी, आत घालतो आणि पुन्हा मापात कातून देतो. वेळ लागतो, पण दुसरा मार्ग मला मान्य नाही.

बाकीचा प्रवास थोडक्यात. २०१४ मध्ये उद्यमबागेत भाड्यानं गाळा घेतला, नंतर कर्ज काढून सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारा, लेथ आला. पूर्वी कोल्हापूरला माल पाठवायचा तर सी फॉर्ममागं, म्हणजे परराज्यातल्या विक्रीच्या कराच्या कागदामागं, फिरावं लागायचं, राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर कागद दाखवावे लागायचे. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि ते थांबलं. आता चंदगड-गडहिंग्लजचं गिऱ्हाईक आणि हुबळीचं गिऱ्हाईक आम्हाला सारखंच. आम्ही सहा जण आहोत. तपासणी बायको बघते. बोअरचा व्यास मोजायचा डायल बोअर गेज तिच्या हातात माझ्यापेक्षा स्थिर राहतो, तिनं नाकारलेला हब मी पुढं पाठवत नाही. खंडेनवमीला वडिलांचा जुना कॅलिपर सीएनसीच्या शेजारी पूजेला असतो.

प्रत्येक चाकाबरोबर एक कार्ड बांधून देतो, मराठीत आणि कानडीत. त्यावर त्या हबचा बोअर, नळीची लांबी आणि खाली ठळक अक्षरांत : नट पूर्ण आवळा, मग चाक हातानं फिरवा. जड वाटलं तर गाडी चालवू नका, फोन करा. मागच्या महिन्यात खानापूरचं ते गिऱ्हाईक मुलाची बाईक घेऊन आलं. कार्ड वाचून त्यांनी आधी नट आवळला, चाकाला झटका दिला आणि ते थांबेपर्यंत बघत उभे राहिले.