नायलॉन की रेडियल? दोन बीटल, एक घाट

जुन्या गाडीचे टायर झिजून जात नाहीत, वयाने जातात. माझ्या फोक्सवॅगन बीटलच्या टायरांवर नक्षी अजून शाबूत होती, भेगाही नव्हत्या. पण टायरच्या भिंतीवर लंबगोल चौकटीत जे शेवटचे चार आकडे असतात ते काही लपून राहत नाहीत. तिथे 2319 असेल, तर तो टायर 2019 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला असतो. माझ्या टायरांवरचे आकडे सांगत होते की पुढच्या मोसमाच्या आत नवा संच घ्यायला हवा. पुन्हा नायलॉनचेच घ्यावेत, म्हणजे ज्यांना बायस-प्लाय म्हणतात ते, की आता रेडियलवर जावं? वर्षानुवर्षं ऐकलेले सल्ले एकमेकांना छेद देत होते. म्हणून मैत्रिणीला फोन केला.

तिचीही बीटलच आहे. साठच्या दशकातली, मागच्या चाकांना तोच स्विंग ॲक्सल, म्हणजे मधे बिजागरीसारखा हलणारा ॲक्सल, स्टेअरिंगही तसंच बिनपॉवरचं. फरक एवढाच की तिच्या गाडीला 165 आर 15 मापाचे रेडियल आहेत आणि माझ्या गाडीला 5.60-15 चे नायलॉन. असं ठरलं की दोन्ही गाड्या घेऊन निघायचं: आधी महामार्ग, मग जुना खराब रस्ता, मग घाट, घाटमाथ्यावर मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी उतार. प्रत्येक थांब्यावर गाड्या बदलायच्या. पाऊस सरत आला होता, रस्ते ओले होते. टायर पारखायला यापेक्षा चांगले दिवस नाहीत.

महामार्गाचा पहिला तुकडा काँक्रीटचा होता आणि त्यावर गाडीच्या दिशेने बारीक खाचा कोरलेल्या होत्या. माझी गाडी तिथे लगेच खाचांच्या मागे लागली. सरळ रस्त्यावरही स्टेअरिंगला सतत बोटभर डावं, बोटभर उजवं करत राहावं लागत होतं. याची मला इतकी सवय झाली होती की जुनी गाडी म्हटल्यावर असंच असणार हे मी गृहीत धरलं होतं. पहिल्या थांब्यावर तिच्या गाडीत बसले, त्याच प्रकारच्या रस्त्यावर पुढे निघाले, आणि हात नुसते स्टेअरिंगवर टेकलेले राहिले. गाडी आपल्या रेषेत चालली होती.

कारण टायरच्या आत आहे. नायलॉन टायरमध्ये धाग्यांचे थर तिरके, एकमेकांना छेदत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातात. जमिनीला टेकणारा पट्टा आणि बाजूची भिंत एकाच विणीची, त्यामुळे भिंत वाकली की पट्टाही वाकडा होतो. रस्त्यावरची प्रत्येक खाच, प्रत्येक उंचवटा सगळ्या टायरला हलवतो. रेडियलमध्ये धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे जातात, गाडीच्या दिशेशी काटकोनात, आणि वरच्या पट्ट्याखाली पोलादी तारांचे वेगळे पट्टे असतात. भिंत हवी तेवढी वाकते, पण पट्टा जमिनीवर सपाट बसून राहतो.

दुसऱ्या थांब्यावर तिने मला दोन्ही गाड्यांच्या टायरांना हात लावून बघायला सांगितलं. रेडियल कोमट होते. नायलॉनचा खांदा, म्हणजे पट्टा आणि भिंत जिथे मिळतात तो भाग, चांगलाच तापला होता. छेदणारे थर टायर फिरताना एकमेकांवर सतत घासत असतात, त्याची ही उष्णता. ती येते गाडीच्या ताकदीतूनच, म्हणून नायलॉनवर गाडी थोडं जास्त पेट्रोल खाते. तापलेल्या टायरात हवेचा दाब वाढलेला दिसतो आणि काही जण तो पाहून हवा सोडतात. ते अजिबात करू नये. हवा थंड टायरवरच मोजायची. बीटलच्या बाबतीत दुसरंही सांभाळायचं असतं. इंजिन मागे, वजन मागे, त्यामुळे पुढच्या चाकांत मागच्यापेक्षा बरीच कमी हवा ठेवावी लागते. चारही चाकांत सारखी हवा भरली की चांगल्यातला चांगला टायरही या गाडीत वाईट वागतो.

आम्ही उभ्या असताना एका गाडीवाल्याने खुणेनं तिला सांगितलं की मागच्या चाकात हवा कमी आहे. हवा बरोबर होती. रेडियलची भिंत खाली थोडी फुगते, ते तसंच दिसतं. नायलॉनचा टायर मात्र अरुंद, उंच आणि ताठ उभा राहतो, खांदे गोल. साठच्या दशकातल्या गाडीला तो शोभतो, यात वाद नाही. ज्यांची गाडी वर्षातून फक्त प्रदर्शनात उभी राहते, परीक्षकांपुढे जाते, त्यांनी नायलॉनच ठेवावेत असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या रूपात बनवलेले रेडियलही हल्ली मिळतात, पण जाणकार डोळ्याला फरक कळतो.

जुन्या रस्त्यावर वळलो आणि पारडं थोडं हललं. इथे वेग कमी, खड्डे जास्त. खड्ड्याच्या धारदार काठावरून हळू जाताना रेडियल ठक्कन आवाज करतो, कारण त्याचा पोलादी पट्टा सहजी वाकत नाही. नायलॉनचा टायर तीच धार मऊपणे गिळतो. शिवाय त्याची भिंत जाड. कडेच्या दगडावर रेडियल घासला की माझा जीव खालीवर होत होता, कारण पातळ भिंतीला चीर पडली तर तो टायर संपलाच. ज्यांच्या जुन्या जीप वर्षभर शेतवाटांनी आणि दगडगोट्यांतून चालतात, ते नायलॉन सोडायची घाई का करत नाहीत हे त्या रस्त्याने समजावलं.

घाट लागला आणि पाऊस आला.

चढणीला मी माझ्या गाडीत होते. नायलॉनचा टायर वळणावर खूप आधी बोलायला लागतो. आधी कुजबुज, मग घसरण्याचा हलका इशारा, मग मागचं चाक बाहेर सरकल्यासारखं वाटतं. पकड कमी आहे, पण ती हळूहळू सुटते, आणि प्रत्येक पायरीवर गाडी आपल्याला कळवते. यात काही खोटं नाही, आणि कमी वेगात हा फार मोठा गुण आहे. मात्र ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला तेव्हा समोरची तिची लाल बीटल जिथे थांबली, तिथे थांबायला मला बरीच जागा जास्त लागली. नेहमी तिच्यापासून दुप्पट अंतर ठेवून चालले होते म्हणून निभावलं.

अर्ध्या चढणीवर गाड्या बदलल्या. रेडियलवर तीच वळणं वेगळीच वाटली. गाडी आत वळली की वळलीच. स्टेअरिंगवर टायरचं वजन जाणवत होतं आणि वळण संपल्यावर ते आपोआप मधोमध येत होतं. एका थांब्यावर जागच्या जागी गाडी वळवताना मात्र दंडाला ओढ बसली, कारण रुंद पट्टा जमिनीला जास्त धरून ठेवतो.

पण इथेच तिने मला एक गोष्ट सांगितली, आणि या सगळ्या प्रवासात मला सर्वांत मोलाची तीच वाटते. "अगं, पकड वाढली म्हणून वेग वाढवू नकोस. या गाडीचं मागचं चाक विसरू नकोस." स्विंग ॲक्सलमध्ये दोन्ही अर्धे ॲक्सल गिअरबॉक्सजवळ बिजागरीसारखे हलतात. त्यामुळे चाक वरखाली झालं की त्याचा कलही बदलतो. जोरात वळणावर बाहेरच्या चाकाला रस्त्याकडून जो आडवा रेटा मिळतो, तो ॲक्सलला धरून गाडीचा मागचा भाग वर उचलतो, चाक आत खाली मुडपतं, आणि अशा वेळी घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जाऊन मागचा भाग आणखी हलका होतो. आता विचार करा: पकड जितकी जास्त, तितका हा उचलणारा रेटा जास्त. नायलॉनचा टायर तिथवर जाण्याआधीच घसरून सावध करतो. रेडियल उशिरापर्यंत धरून ठेवतो आणि मग झटक्यात सोडतो. म्हणजे रेडियल घातल्याने बीटलची मर्यादा नाहीशी होत नाही, ती पुढे सरकते आणि जास्त तीव्र होते. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात पाय स्थिर ठेवायचा, हा नियम दोन्ही टायरांना सारखाच.

घाटमाथ्यावर रात्री याच विषयावर बोलत बसलो. या गाडीचा आराखडा 1930 च्या दशकातला, तेव्हा सगळे टायर तिरक्या थरांचेच. मिशेलिनने रेडियलचं पेटंट 1946 मध्ये घेतलं आणि 1949 पासून तो बाजारात आला. 1950 मधली लान्शिया ऑरेलिया कारखान्यातूनच रेडियल घालून निघू लागली. अमेरिकेत मात्र 1970 ची लिंकन कॉन्टिनेंटल मार्क थ्री येईपर्यंत ते घडलं नाही. त्यामुळे गाडीचं वर्ष आणि देश पाहूनच तिची चाकं कोणत्या टायरच्या हिशोबाने जुळवली असतील हे ठरवावं लागतं. नायलॉनच्या हिशोबाने दिलेलं टो-इन, म्हणजे चाकांची पुढची बाजू किंचित आत वळवणं, रेडियलला सहसा जास्त होतं, आणि टायर कडेनं खाल्ला जातो. टायर बदलले आणि अलाइनमेंट तेच ठेवलं, तर मग रेडियलला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

मापाचंही तसंच. 5.60 म्हणजे टायरची रुंदी इंचात, सुमारे 142 मिलिमीटर. त्या जागी 165/80 आर 15 (रुंदी 165 मिलिमीटर, भिंतीची उंची त्याच्या 80 टक्के, रिम 15 इंची) घातला तर व्यास सुमारे 645 मिलिमीटर येतो, मूळ मापाच्या जवळपास. सहज मिळतो म्हणून 185/65 आर 15 घातला तर व्यास 621 पर्यंत उतरतो. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो, इंजिनला त्याच वेगासाठी जास्त फेरे घ्यावे लागतात, आणि चाकाच्या कमानीत टायर हरवल्यासारखा दिसतो. रुंद टायर म्हणजे चांगला टायर हा समज या गाड्यांना फार महाग पडला आहे.

मग रिम. टायरची कड जागेवर धरून ठेवणारा उंचवटा जुन्या रिमना नसतो, म्हणून तिने रेडियलमध्येही ट्यूबच घातली आहे, आणि तीही रेडियलसाठी बनवलेली. टायर चढवण्याआधी आतले कागदी लेबल तिने नखाने खरवडून काढले होते, नाहीतर त्याच्या कडा ट्यूबला घासून घासून भोक पाडतात. दुकानात हे कुणी आपणहून करत नाही, उभं राहून करून घ्यावं लागतं. त्याहून जुन्या, तारांच्या चाकांच्या गाड्यांचा विचार आणखी वेगळा. रेडियलची पकड रिमवर आडवा ताण वाढवते, आणि ते रिम त्या ताणासाठी बनवलेलेच नसतात. तिथे मी नायलॉनशिवाय काही सुचवणार नाही.

सकाळी निघालो तेव्हा माझी गाडी धडधडत होती, जणू चाकं चौकोनी झाली होती. रात्रभर थंडीत उभ्या राहिलेल्या नायलॉनच्या धाग्यांनी जमिनीला टेकलेल्या जागी सपाट आकार धरला होता. काही किलोमीटरमध्ये टायर तापले, गोल झाले, आणि धडधड थांबली. तिची गाडी पहिल्या फेरीपासून गुळगुळीत चालली.

उतारावर माझा निर्णय झाला. माझी गाडी चालते, लांब जाते, पावसात जाते. तिला रेडियल हवेत. पुढे नायलॉन, मागे रेडियल घालून खर्च निम्म्यावर आणता येईल का, असा विचार मनात येऊन गेला. तसं करायचंच असेल तर रेडियल नेहमी मागे, कधीही पुढे नाही, कारण पुढे जास्त पकड आणि मागे कमी म्हणजे ओल्या वळणावर गाडी मागून फिरणार. एकाच ॲक्सलवर दोन प्रकार तर कधीच नाही. पण मागे इंजिन आणि स्विंग ॲक्सल असलेल्या गाडीत मला असला मेळ नकोच होता.

त्यामुळे स्टेपनीसकट पाच रेडियल मागवले, सगळे 165 आर 15. स्टेपनीही त्याच प्रकारची, कारण पंक्चर झाल्यावर ती कोणत्या ॲक्सलवर लागेल हे आधी ठरवता येत नाही. सोबत पाच ट्यूब. चारही रिम उतरवून, रंग खरवडून बोल्टच्या भोकांभोवती तडे आहेत का ते बघायला दिले आहेत. ते तपासून झाले की टायर चढतील, आणि त्याच दिवशी अलाइनमेंट.