आमची वाटचाल : दिवाळीच्या किल्ल्यापासून अद्वापर्यंत

आमचा धंदा उभा राहिला तो दिवाळीच्या किल्ल्यांवर. प्लॅस्टरचे मावळे, तोफा, सिंहासनावरचे महाराज. दिवाळीआधी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची आणि भाऊबीजेनंतर वर्षभर माशा मारायच्या. या रिकाम्या महिन्यांत वॉरगेमिंगवाली मंडळी आली. टेबलावर फासे टाकून जुन्या लढाया लढणाऱ्या या माणसांना २८ मिलिमीटरचे धातूचे सैनिक हवे होते, तेही आफ्रिकेतले. परदेशातून मागवले की कस्टम ड्युटीने कंबर मोडायची. मग रबरी साचे फिरवणारं यंत्र घेतलं आणि कथलाचं ओतकाम सुरू केलं.

पहिली मागणी दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू योद्ध्यांची. "पिसं, बिबट्याचं कातडं, सगळं भरगच्च द्या." दिसायला झकास, पण तो समारंभाचा थाट. २२ जानेवारी १८७९ ला इसांडल्वानाच्या इंग्रज छावणीवर चालून गेलेल्यांनी त्यातलं बरंचसं घरीच ठेवलं होतं. आम्ही त्यापेक्षा वय बघतो. त्याच दुपारी रॉर्क्स ड्रिफ्ट या इंग्रज ठाण्याकडे गेलेली उथुल्वाना ही चाळिशी ओलांडलेल्या, लग्न झालेल्या गड्यांची पलटण. त्यांच्या डोक्यावर केसांत शिवून मेणाने घोटलेलं कडं, इसिकोको. सोबतची इंड्लुयेंग्वे तरुणांची, त्यांना कडं नाही. म्हणून आमच्या पाकिटात दोन तऱ्हांची डोकी असतात.

भाला मात्र साच्यातून काढत नाही. ओतलेला भाला बोट लागलं की वाकतो. मुठीला भोक ठेवतो आणि पोलादी तारेचं टोक हातोडीने चपटं करून, कानशीने घासून पातं करतो. काम किचकट, पण भाला ताठ राहतो.

सुदानसाठी साल विचारल्याशिवाय आम्ही बिल करत नाही. इंग्रजांशी झालेल्या १८८४ च्या एल तेब आणि तमाईच्या लढायांना मोठ्या केसांचे, कमरेला कापड गुंडाळलेले हदेंदोवा जमातीचे लढवय्ये चालतात. १८९८ च्या ओमदुर्मनच्या लढाईला ठिगळांचे जिब्बे, म्हणजे सैल अंगरखे, घातलेलेच हवेत.

खरी हुज्जत इथिओपियावर होते. १ मार्च १८९६ ला अद्वाला इटलीचा पराभव करणारं सम्राट मेनेलिकचं सैन्य म्हणजे भालेवाले, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. प्रत्यक्षात त्यातल्या बहुतेकांकडे बंदुका होत्या. काही तर खुद्द इटलीनेच आधी मैत्रीच्या काळात दिलेल्या. त्यामुळे आमच्या संचात पांढरा शम्मा, म्हणजे सुती उपरणं, पांघरलेले बंदूकवाले जास्त, ढाल-तलवारवाले मोजके, आणि सिंहाच्या आयाळीचा साज फक्त सरदारांना. काहींना हे रुक्ष वाटतं. वाटू दे. समोरच्या इटालियन फौजेतही लाल तारबूश टोपी घातलेले एरिट्रियन अस्कारी, म्हणजे इटलीच्या चाकरीतले स्थानिक शिपाई, हवेतच. नुसते गोरे शिपाई मांडले तर ती अद्वा नव्हे.

आपल्या मुंबईचा धागा इथिओपियातल्याच मग्दाला किल्ल्यावरच्या १८६८ च्या इंग्रज स्वारीशी. सेनापती नेपिअरची ही मोहीम मुंबई इलाख्यातून उभी राहिली, बरोबर ४४ हत्ती. गोऱ्या पलटणींकडे नव्या स्नायडर रायफली आणि हिंदी शिपायांकडे बहुतांशी जुन्या, तोंडाकडून भरायच्या बंदुका. आमच्या संचात दोघांच्या बंदुका वेगळ्या कोरल्यात. हा संच पुण्या-मुंबईत सर्वांत जास्त खपतो, हत्तीसकट.

सध्या सुदानातल्या २२ मार्च १८८५ च्या तोफ्रेकच्या लढाईच्या संचाचं काम चालू आहे. त्यात सुआकिन बंदराजवळ इंग्रजांकडून लढलेली २८वी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री असेल, खाकीतली. मास्टर, म्हणजे साच्यासाठीचे मूळ नमुने, तयार झालेत, साचा व्हायचाय. नोंदणी गणपतीनंतर घेऊ. त्यापुढे मावळ्यांचा हंगाम, तेव्हा यंत्र मोकळं नसतं.