रजेचा अर्ज आणि पंधरावे वर्ष

गोव्यात, चिखलीतील आमच्या शेजारणीचा मुलगा नौदलात अग्निवीर आहे. यंदा चवथीला तो थोड्या दिवसांच्या रजेवर आला होता. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना त्याने मला विचारले, "काकी, काकांनी पंधरा वर्षांनी नौदल का सोडले? त्यांना पुढे ठेवून घ्यायला तयार होते ना?" आजवर हा प्रश्न ज्यांनी ज्यांनी विचारला त्यांना मी मुलांच्या शाळेचे कारण सांगत आले. त्या दिवशी मात्र मी त्याला खरे कारण सांगितले. ते कारण म्हणजे एक रजेचा अर्ज.

माझे यजमान विमानांच्या इंजिनांवर काम करणारे तंत्रज्ञ होते. नौदलात प्रत्येक नाविकाला एक डिव्हिजनल ऑफिसर नेमून दिलेला असतो. त्या नाविकाची रजा, बढती, घरची अडचण, मुलांचे आजारपण या सगळ्याची विचारपूस करणे हे त्या अधिकाऱ्याचे कामच असते. दाबोळीच्या नौदल हवाई तळावर असताना यजमानांना असे एक साहेब लाभले होते, की माझ्या दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी यजमान बाहेरगावी कामावर असताना त्यांनी स्वतःच्या पत्नीला माझ्याकडे पाठवले आणि पुढे कित्येक महिने भेटतील तेव्हा मुलीचे नाव घेऊन चौकशी केली. त्या काळात रात्री-बेरात्री बोलावणे आले तरी यजमान कुरकुर न करता जात असत.

पुढे बदली झाली. त्या जागेचे नाव मी घेत नाही. पेडण्याला माझे सासरे अंथरुणाला खिळले होते आणि यजमानांनी रजेसाठी अर्ज दिला. अर्ज नामंजूर झाला नाही, मंजूरही झाला नाही. विचारले की "बघू" एवढेच उत्तर मिळे. रजा हाती पडली तेव्हा सासऱ्यांचा दहावा दिवस होता. नकार मिळाला असता तर यजमानांनी तो निमूटपणे सोसला असता, कारण रजा नाकारली जाणे नाविकाला नवे नसते. परंतु आपला कागद कोणी वाचलाच नाही, ही गोष्ट त्यांना सोसवली नाही. पंधरा वर्षे भरून निवृत्तिवेतनाचा हक्क मिळाला, त्याच वर्षी त्यांनी मुदत वाढवून घेण्यास नकार दिला. तो निर्णय आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात, एका रात्री घेतला. पगाराचा विषय त्या रात्री निघालाही नव्हता.

असा माणूस गेल्याने काय जाते, हे दाबोळीत राहणाऱ्यांना सांगावे लागू नये. इल्यूशिन-३८ जातीची टेहळणी विमाने १९७७ मध्ये येथे आली आणि २०२३ मध्ये निवृत्त झाली. ४६ वर्षे ती उडत राहिली, त्यामागे पुस्तकांइतकाच जुन्या तंत्रज्ञांच्या हातांचा वाटा होता. इंजिनाच्या आवाजातला बारीक फरक ओळखणारा कान तयार व्हायला दहा-बारा वर्षे लागतात, आणि तो कान घेऊन माणूस फाटकाबाहेर पडला की नव्या भरतीने ती जागा कागदावरच भरते.

वरिष्ठांच्या वागण्याचा हा प्रश्न जुनाच आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या तळावरील नाविक उठले, तेव्हा देशाच्या स्वातंत्र्याची ओढ त्यांच्या मनात होतीच. परंतु ठिणगी पडली ती निकृष्ट जेवणाने आणि अधिकाऱ्याच्या अपमानास्पद भाषेने. काही दिवसांतच तो उठाव ७८ जहाजांपर्यंत आणि सुमारे २०,००० नाविकांपर्यंत पोहोचला.

माझे सांगून झाल्यावर तो मुलगा बराच वेळ गप्प होता. तो ज्या योजनेतून अग्निवीर झाला, त्या १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत सेवा चार वर्षांची, रजा वर्षाला ३० दिवस, शेवटी सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये आणि निवृत्तिवेतन नाही. मूळ योजनेप्रमाणे शंभरातील जास्तीत जास्त पंचवीस जणांना पुढे ठेवले जाईल. सैन्याचे सरासरी वय ३२ वरून २६ पर्यंत खाली आणण्याचा हेतू मला समजतो आणि तरुण सैन्य हवे, हे मलाही मान्य आहे. मला घोर लागला आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. गोपनीय अहवाल पूर्वीही लिहिले जात आणि त्यांवर बढती अवलंबून असे, पण नोकरी राहील की जाईल हा प्रश्न त्यात नसे. आता ज्याच्याकडे घरचे दुखणे मोकळेपणी सांगायचे, त्याच साहेबाच्या शेऱ्याचाही पुढची नोकरी राहण्यात वाटा असू शकतो.

यजमान सांगतात की काम संपल्यावर प्रत्येक पाना, प्रत्येक स्क्रू-ड्रायव्हर मोजून परत ठेवला जातो आणि एक जरी कमी भरला तरी तो सापडेपर्यंत विमान उडवत नाहीत. ही शिस्त टिकते ती ‘साहेब, माझ्याकडून पाना हरवला’ असे लगेच सांगणाऱ्या मुलामुळे. शेजारी उभा असलेला सोबती हाच त्या पंचवीस जागांसाठीचा प्रतिस्पर्धी असेल, तर एकवीस वर्षांचा मुलगा हे वाक्य तितक्याच सहजपणे उच्चारेल का? मी त्याला तसे विचारले. "सांगावेच लागते, काकी," तो म्हणाला, पण ते म्हणताना तो माझ्याकडे पाहत नव्हता.

माझी मागणी एवढीच आहे, की निवडीचे गुण देणारा आणि मुलांचे पालकत्व सांभाळणारा अधिकारी हे दोघे वेगळे असावेत; आणि अधिकाऱ्याच्या स्वतःच्या अहवालात एक रकाना असा असावा, की त्याच्या हाताखालील किती अनुभवी माणसांनी मुदत वाढवून मिळत असताना ती नाकारली आणि जाण्यापूर्वी त्यांच्याशी कोणी बसून बोलले का. यजमानांशी कोणी बोलले नव्हते. शेवटच्या दिवशी त्यांनी ओळखपत्र जमा केले, पोचपावती घेतली आणि दुपारच्या गाडीने ते घरी आले.