माउनला 400 डॉलर पाठवताना

आम्ही सप्टेंबर 2025 मध्ये आफ्रिकेतल्या बोट्स्वानात तेरा रात्री काढल्या. मी, नवरा, दीर आणि जाऊबाई. माउन या तिथल्या गावी फोर बाय फोर हायलक्स गाडी भाड्याने घेतली, तिच्या छतावर दोन तंबू, मागे फ्रिज आणि गॅस. मोरेमी, ख्वाई, सावुती, चोबे ही रानं करत कासाने गावापर्यंत वर गेलो आणि नाटावरून डांबरी रस्त्याने परत माउनला आलो. भेटेल तो विचारतो, सिंह दिसले का? दिसले. पण या सगळ्यात माझा जीव सर्वांत जास्त टांगणीला लागला तो नाशिकमध्ये, बँकेच्या काउंटरवर. वर्ष होऊन गेलं तरी त्या शाखेवरून गेले की डोकं तापतं. म्हणून आधी तेच लिहिते.

तिथली पद्धत समजून घ्या, नाहीतर माझी घालमेल कळणार नाही. ताडोबाला गेट आणि जिप्सी एकाच संकेतस्थळावर बुक होते, तसं इथे नाही. अभयारण्यांतल्या तंबूच्या जागा वेगवेगळ्या खासगी कंपन्यांकडे आहेत आणि प्रत्येकीला वेगळा मेल करावा लागतो. प्रवेश शुल्क त्याहून वेगळं, ते वन्यजीव खात्याकडे भरायचं. जागा मोजक्या असतात आणि मुक्कामाचा कागद हातात नसेल तर आत राहता येत नाही. अंधार पडल्यावर आत गाडी चालवायला बंदी. दोन मुक्कामांत वाळूचा चार-सहा तासांचा रस्ता. त्यामुळे रात्री एकीला एक लागून याव्या लागतात. मोरेमीतली एक रात्र हलली की ख्वाई हलतं, मग सावुती, मग चोबे, मग गाडीच्या तारखा.

मी ऑक्टोबर 2024 पासून मेल लिहायला बसले, म्हणजे अकरा महिने आधी. तेवढं आधी लागतंच. तिथला कोरडा हंगाम मे ते ऑक्टोबर, आणि पाणी आटत जातं तसे प्राणी नदीकाठी गोळा होतात, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरवर सगळ्या जगाचा डोळा असतो. दोन कंपन्यांनी कार्ड घेतलं. रात्री जेवणं झाल्यावर घरी बसून पैसे भरले, दुसऱ्या दिवशी कागद आला. व्हिसा, विमान, गाडी यांचंही सुरळीत झालं. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना 1000 रुपयांत निघाला, वर्षभर चालतो.

तिसरी कंपनी मोरेमीतल्या दोन रात्रींची. तिला पैसे फक्त बँकेतून हवे होते. बुधवारी, 13 नोव्हेंबरला संध्याकाळी बिल आलं. चार माणसं, दोन रात्री, आणि खाली ओळ: जागा सात दिवस राखून ठेवू. सात दिवस म्हणजे भरपूर, असं मला वाटलं.

गुरुवारी सकाळी माझ्या शाखेत गेले. परकीय चलनाचं काम इथे होत नाही, मुख्य शाखेत जा. मुख्य शाखेत गेले. बिल पुलामध्ये आहे, आम्ही पुला पाठवत नाही, डॉलरचं बिल आणा. (पुला म्हणजे तिथल्या भाषेत पाऊस. कोरड्या देशाने चलनाला पावसाचं नाव दिलंय हे मला फार आवडलं होतं, पण त्या सकाळी नाही.) माउन आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. तिथलं ऑफिस उघडेपर्यंत आपले साडेअकरा वाजतात. डॉलरचं बिल दुपारी उशिरा आलं, 400 डॉलर, तोवर काउंटर बंद.

शुक्रवारी गुरुनानक जयंतीची सुट्टी. शनिवारी बँक उघडी, पण परकीय चलनाचं काम शनिवारी होत नाही. हे मला कुणी गुरुवारी सांगितलं नव्हतं. रविवार गेला.

सोमवारी दहा वाजता मी दारात उभी होते. परदेशी पैसे पाठवायचा ए2 फॉर्म भरला, पॅन जोडला, हेतूच्या रकान्यात एस 0306 लिहिलं, म्हणजे सहलीसारखा प्रवास. काउंटरवरच्या साहेबांनी बिल हातात घेतलं आणि पत्त्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, हे प्रायव्हेट बॅग काय आहे? पत्ता पाहिजे. घर नंबर, रस्ता."

मी सांगितलं की तिथे पोस्टमन घरी येत नाही. टपाल पोस्टातल्या पेटीत किंवा बॅगेत येतं, लोक जाऊन घेतात, आणि तोच त्यांचा पत्ता. कंपन्यांचाही तोच असतो.

"सिस्टीम घेत नाही हो. रस्ता लिहा काहीतरी."

काहीतरी कसं लिहिणार? मी परत माउनला मेल केला. तिकडच्या बाई इतक्या चांगल्या, त्यांनी दोन तासांत प्लॉट नंबर आणि वस्तीचं नाव घातलेलं नवं बिल पाठवलं. त्याखाली लिहिलं होतं की हा प्रश्न त्यांना बाहेरच्या बँकांकडून नेहमी येतो. मग ते पहिल्याच बिलावर का छापत नाहीत, हे मी विचारलं नाही, पण तुम्ही पहिल्याच मेलमध्ये मागून घ्या: डॉलरमधलं बिल, जागेचा खरा पत्ता, स्विफ्ट कोड (परदेशी व्यवहारासाठीचा त्यांच्या बँकेचा कोड) आणि सातऐवजी चौदा दिवसांची मुदत. या चार गोष्टी मी आधी मागितल्या असत्या तर पुढचं काही झालंच नसतं.

मंगळवारी नवं बिल घेऊन गेले. आता पत्ता बसला. मग साहेब म्हणाले, हे परदेशी सहलीचं पॅकेज आहे, यावर पाच टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आयकर, कापावा लागेल. पॅकेज कसलं? चार माणसांना तंबू ठोकायला मोकळी जमीन, एक नळ आणि शेकोटीची जागा. विमान वेगळं, गाडी वेगळी, जेवण आमचं आम्ही रांधणार. आयकर विभागाचं जून 2023 चं 10 नंबरचं परिपत्रक मी छापूनच नेलं होतं. त्यात स्वच्छ लिहिलंय की नुसतं तिकीट किंवा नुसता मुक्काम म्हणजे पॅकेज नव्हे. इतर प्रवासखर्चाला तेव्हा 7 लाखांपर्यंत टीसीएस नव्हता, एप्रिल 2025 पासून ती मर्यादा 10 लाख झाली. साहेबांनी कागद वाचला, दोनदा वाचला, आणि म्हणाले, वर विचारतो. संध्याकाळपर्यंत वरून उत्तर आलं नाही.

इथे माझंच चुकलं. पाच टक्के म्हणजे जेमतेम सतराशे रुपये. नवरा शेजारी उभा राहून सांगत होता, कापू दे गं, विवरणपत्रात परत मिळतील. खरंच मिळतात, आयकर विभागाकडच्या आपल्या कराच्या नोंदीत दिसतात. पण मी बरोबर आहे आणि हातात कागद आहे, यावर मी अडून बसले. हट्टापायी आमचा शेवटचा कामाचा दिवस गेला.

कारण बुधवारी, 20 नोव्हेंबरला, विधानसभेचं मतदान. बँका बंद. सकाळी रांगेत उभी राहून मत दिलं आणि बोटाला शाई घेऊन घरी येऊन माउनला मेल लिहिला की आणखी थोडे दिवस द्या. आजच मुदत संपत होती. त्यांनी सोमवारपर्यंत दिली. मी देवापुढे साखर ठेवली.

गुरुवारी वरून होकार आला, टीसीएस न कापता पैसे निघाले. मी मेसेज नवऱ्याला दाखवला, पेढे आणले. शुक्रवारी पोचले नाहीत, सोमवारी नाहीत. मंगळवारी माउनच्या बाईंचा मेल आला: पैसे आज जमा झाले, 375 डॉलर. पंचवीस कमी. आणि सोमवारी संध्याकाळी मुदत संपल्यावर त्या दोन रात्री दुसऱ्या कुणाला गेल्या.

पंचवीस डॉलर मधल्या बँकेने कापून घेतले होते. फॉर्मवर शुल्क कुणी भरायचं याचा एक रकाना असतो. तिथे इंग्रजीत 'आवर' लिहिलं की सगळं शुल्क पाठवणारा भरतो आणि समोरच्याला पूर्ण रक्कम जाते. 'शेअर' असेल तर वाटेतली बँक आपला वाटा काढून घेते. माझ्या फॉर्मवर 'शेअर'ला आधीच खूण होती आणि मी तिच्याखाली सही केली. मला कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. तुम्ही मात्र सही करण्याआधी तो रकाना बोट ठेवून वाचा, आणि पैसे गेले की स्विफ्टच्या पावतीची प्रत मागून त्याच दिवशी समोर पाठवा.

त्या रात्री मला झोप लागली नाही. जाऊबाई सकाळी आल्या, चहा टाकला आणि म्हणाल्या, ताई, मोरेमी सोडून देऊ या. मला ते कसं सोडवणार होतं? ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशातलं हे रान तिथल्या बाटावाना लोकांनी 1963 मध्ये स्वतःच्या जमिनीवर राखलं. पाऊस अंगोलात पडतो आणि पूर इथे महिन्यांनी येतो, बाकी सगळं कोरडं असताना. ते पाणी बघायलाच तर मी निघाले होते.

माउनच्या बाईंनी तीन दिवस आधीच्या दोन रात्री देऊ केल्या. मी एका तासात हो म्हटलं आणि मग उरलेल्या दोन्ही कंपन्या, गाडी आणि विमान यांच्या मागे लागले. एकीने तारखा फुकट बदलल्या, दुसरीने पैसे घेतले, विमानाने त्याहून जास्त घेतले. उरलेल्या पंचवीस डॉलरसाठी पुन्हा बँकेत जायची माझी तयारी नव्हती, आणि पाठवणावळच त्याहून जास्त झाली असती. बाई म्हणाल्या, आलात की रोख द्या.

आता बाकीचं, आठवेल तसं.

माउन ते कासाने या आतल्या रस्त्यावर पेट्रोल पंपाचा भरवसा धरू नका. माउनलाच दोन्ही टाक्या काठोकाठ भरा. वाळूत आमची गाडी लिटरला पाच-सहा किलोमीटरच देत होती.

वाळू लागण्याआधी चाकांची हवा 20 पीएसआयपर्यंत उतरवा. आम्ही पहिल्या दिवशी आळस केला आणि मोरेमीत रुतलो. दीर फावड्याने वाळू उपसत होते आणि मी गाडीच्या टपावर उभी राहून चौफेर लक्ष ठेवत होते. हवा उतरवल्यावर तीच गाडी त्याच वाळूतून एका दमात निघाली. डांबरीवर आलात की आधी हवा भरा, मगच वेग घ्या. कॉम्प्रेसर चालतो का, हे गाडी ताब्यात घेतानाच बघा.

चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर वाळकं गवत असतं. ते गाडीखाली अडकतं आणि सायलेन्सरच्या धगीने पेटतं. अशा गाड्या जळून गेलेल्या आहेत. दर तासाला उतरून खाली वाकून बघा, पण उतरण्याआधी आजूबाजूला बघा. पाण्यातून रस्ता असेल तर खोली मोजायला पायी उतरू नका, मगरी आणि पाणघोडे असतात. दुसरी गाडी येईपर्यंत थांबा.

संत्री-मोसंबी नेऊ नका, हत्तींना वास लागतो. कच्चं मांस जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणून घातलेल्या कुंपणांच्या नाक्यांवर काढून घेतात. आम्हाला त्याचा त्रास नव्हता, आमच्याकडे डाळ-तांदूळ, मेतकूट आणि भाजणी.

मुक्कामाच्या जागांना कुंपण नसतं, हे कितीही वाचलं तरी तिथे गेल्याशिवाय कळत नाही. सावुतीला न्हाणीघराभोवती किल्ल्यासारखी भिंत आहे, हत्ती पाण्यासाठी नळ उपटतात म्हणून. दुसऱ्या संध्याकाळी मी गॅसवर खिचडी टाकली होती, कुकरची शिट्टी काढून ठेवलेली. नवऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पंधरा-वीस पावलांवरून हत्ती चालला होता. पायांचा आवाज अजिबात नाही. फक्त पोटातली गुरगुर ऐकू येत होती, आणि सोंडेने फांदी ओढली तेव्हा सालीचा चर्रकन आवाज. तो गेला, मी गॅस पुन्हा पेटवला. माझे हात थरथरत होते आणि मला इतकं छान वाटत होतं की जाऊबाईंना मिठी मारली.

सगळे कागद छापून न्या, दोन-दोन प्रती. आत फोनला रेंज नसते. अंधार पडायच्या आत तंबूत जा, आणि रात्री खाली उतरावं लागू नये म्हणून चहा संध्याकाळी पाचनंतर बंद करा. सप्टेंबरातही पहाट गार असते, स्वेटर हवाच.

माउनला पोचलो त्याच दुपारी मी आधी त्या कंपनीत गेले. मेलवरच्या बाई तिथेच होत्या, मला वाटल्या होत्या त्यापेक्षा खूप तरुण. मी पर्समधून पंचवीस डॉलर काढून टेबलावर ठेवले. त्यांनी पावतीपुस्तक काढलं, तारीख घातली, माझं नाव अगदी बरोबर लिहिलं आणि माझ्या बिलावर 'पूर्ण' असा शिक्का मारला. परतताना पोस्ट लागलं. बाहेरच्या भिंतीवर नंबर घातलेल्या छोट्या कुलूपबंद पेट्यांच्या रांगा होत्या, आणि एक आजोबा किल्लीने आपली पेटी उघडून पत्रं काढत होते. मी नवऱ्याला गाडी थांबवायला लावली आणि त्या भिंतीचा फोटो काढला. बँकेतल्या साहेबांना दाखवायला तो अजून माझ्या फोनमध्ये आहे.