ताईपेक्षा मोठी

'इनुयाशा' ही जपानी कार्टून मालिका पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी कॉलेजात होतो, आणि त्यातली काएदे मला निव्वळ सोय वाटली होती. गोष्टीत कोणीतरी माहिती सांगायला लागतं ना, तशी. तो मणी कसला, फुटला तर काय होणार, झाडाला बाणाने खिळलेला पांढऱ्या केसांचा पोरगा कोण, हे सगळं सांगायला एक म्हातारी हवी, म्हणून ठेवलेली म्हातारी. पाठीत किंचित वाकलेली, केस पांढरे, एका डोळ्यावर पट्टी, अंगात देवळातल्या मिकोचा, म्हणजे पुजारणीचा, पांढरा अंगरखा आणि खाली लाल घोळदार हाकामा. बाकीची मंडळी राक्षसांच्या मागे डोंगरदऱ्या तुडवत असायची आणि ही आपली झोपडीत आगटीपाशी. दमून-भागून, जखमा घेऊन सगळे परत आले की पाला वाटून लावायची, भांड्यात काहीतरी रटरटत ठेवलेलं असायचं ते वाढायची. मालिका पाहताना तिचे प्रसंग आले की मी पाणी प्यायला उठायचो.

परवा भाचीला दाखवायची म्हणून मालिका पुन्हा लावली. भाची तिसऱ्या भागातच उठून गेली. मी बसलो. आणि या खेपेला पाणी प्यायला उठलो नाही.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रुमिको ताकाहाशी यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९६ ते २००८ अशी बारा वर्षं साप्ताहिकातून येत होती. पुस्तकं झाली ५६. तिच्यावरून केलेली मालिका २००० ते २००४ चालली, मग पाच वर्षं अर्धवट लोंबकळून २००९-१० मध्ये संपली. एकूण १९३ भाग. टोकियोतली पंधरा वर्षांची कागोमे घरच्या देवळाच्या आवारातल्या जुन्या विहिरीत ओढली जाते आणि वर येते ती सुमारे पाचशे वर्षं मागे, सेनगोकु काळात, म्हणजे जपानभर सरदार एकमेकांच्या उरावर बसले होते त्या धामधुमीत. त्याच्याही पन्नास वर्षं आधी त्या गावात एक मिको होती, किक्यो. शिकोनचा मणी राखायचं काम तिच्याकडे. अर्धा राक्षस असलेल्या इनुयाशावर तिचा जीव जडला, त्याचाही तिच्यावर. नाराकू नावाच्या कपट्याने दोघांचीही रूपं घेऊन दोघांनाही फसवलं. तिला वाटलं यानेच दगा दिला. तिने बाण मारून त्याला झाडाला खिळवलं आणि स्वतः जखमांनी गेली. जाताना सांगून गेली की मणी माझ्याबरोबर जाळा.

सांगितलं कोणाला? धाकट्या बहिणीला. लहानगी पोर, डोळ्यावर तेव्हाच फडकं बांधलेलं. तीच काएदे.

आता हिशोब बघा. इनुयाशा पन्नास वर्षं झाडाला चिकटून गाढ झोपला आणि उठला तो तसाच, तोच राग घेऊन, जणू काल रात्रीचं भांडण आहे. किक्यो मेली, तिची पन्नास वर्षं राखेत गेली. कागोमेने तर पाचशे वर्षांची उडी एका विहिरीत मारली. नाराकू होता म्हणा त्या काळात, पण राक्षसाला पन्नास वर्षं म्हणजे आपला पंधरवडा. या सगळ्या गोतावळ्यात ती पन्नास वर्षं एकेका दिवसाने, एकेका पावसाळ्याने, गुडघे दुखेपर्यंत जगली ती एकटी काएदे. ताईच्या मागे गावची मिको झाली. कोणाची बाळंतपणं, कोणाचे ताप, कोणाच्या शेतावर आलेलं विघ्न, असंच काहीबाही निस्तरत असणार. गावाच्या कडेला जंगलात झाडावर तो पोरगा, ज्याच्यापायी ताई गेली असं ती समजत होती, तसाच्या तसा कोवळा. मालिकेत या पन्नास वर्षांना मिळालेली जागा किती? एक दृश्य संपतं, दुसरं सुरू होतं, तेवढ्या फटीएवढी.

मांगाकारांनी नावं मात्र विचार करून ठेवलेली दिसतात. किक्यो हे जांभळ्या घंटेसारख्या फुलाचं नाव. जपानी कवितेत शरदातल्या ज्या सात रानवनस्पती मोजतात त्यांतलं ते एक. काएदे म्हणजे मेपल. एक फूल, एक झाड.

इनुयाशा जागा होतो तेव्हा तिला ओळखत नाही. कशी ओळखणार? त्याच्या लेखी ती किक्योच्या मागेमागे फिरणारी चिमुरडी. ओळख पटल्यावरही साहेब शहाण्यासारखं बोलत नाहीत. तो तिला हाक मारतो 'काएदे-बाबा', शेवटचा 'बा' जरा लांबवून. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं की वा, पोरगा उद्धट असला तरी म्हातारीला अगदी गाडगेबाबा-साईबाबांच्या पंक्तीत बसवतोय. नंतर कळलं, जपानीत 'बाबा' म्हणजे म्हातारी, आणि असं लांबवून म्हटलं की चक्क 'थेरडे'. कागोमे तिला 'ओबाआचान' म्हणते, म्हणजे आजी. त्यातला 'आ' आखूड केला तर आजीची मावशी होते, तेव्हा जपानी शिकणाऱ्यांनी जपून. मिरोकू हा भिक्षू एरवी कितीही चावट असला तरी 'काएदे-सामा' म्हणतो. एकाच बाईला थेरडी, आजी आणि काएदेबाई. हाक कोण मारतंय त्यावर वय ठरतं.

ती स्वतः स्वतःला 'वाशी' म्हणते आणि वाक्याच्या शेवटी 'जा' लावते. ही जपानी कार्टूनमधल्या म्हाताऱ्यांची ठरावीक भाषा. खऱ्या टोकियोतल्या आज्या काही असं बोलत नाहीत. सातोशी किनसुई नावाच्या भाषाशास्त्रज्ञांनी अशा भाषेला 'याकुवारिगो' असं नाव दिलं आहे, म्हणजे पात्राच्या सोंगाबरोबर येणारी भाषा. तोंड उघडलं की चेहरा न बघता कळावं, ही म्हातारी, हा प्राध्यापक, ही श्रीमंताघरची मुलगी. आपल्या मालिकांतल्या सगळ्या आज्या 'अगो बाई' म्हणतात तशातलंच. माझ्या आजीने उभ्या आयुष्यात 'अगो बाई' म्हटलं नाही. ती 'च्यायला' म्हणायची, तेही पदर सावरून. काएदेचा आवाज मात्र सोंगाचा वाटत नाही. तो हिसाको क्योदा या ज्येष्ठ अभिनेत्रीचा, जन्म १९३५चा. मालिका सुरू झाली तेव्हा त्याही पासष्टीच्या होत्या. त्या आवाजात एक सुकी खरखर आहे, चुलीजवळ बसून धुराने येते तशी.

वयाचा आणखी एक गमतीचा भाग. काएदे असेल साठीच्या आसपास. साठी! कॉलेजात असताना मला ती नव्वदीची वाटली होती. आज माझी आई एकसष्टची आहे आणि ती आठवड्यातून चारदा पर्वती चढते, वर जाऊन मला फोटो पाठवते, खाली 'तू कधी?' असं विचारते. तिला मी काएदेचं चित्र दाखवलं. "ही माझ्या वयाची?" असं म्हणून ती इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग जरा थांबून म्हणाली, "पण त्या काळी कष्ट किती."

जपानमध्ये साठ वर्षं पुरी झाली की 'कानरेकी' करतात. साठ वर्षांचं चक्र फिरून पुन्हा पहिल्या घरात येतं, माणूस नव्याने जन्मतो, म्हणून त्याला तान्ह्या बाळाच्या रंगाची लाल बंडी घालतात. आपल्याकडेही प्रभव, विभव अशी संवत्सरं साठच, आणि साठीशांतही आहेच. काएदेची कानरेकी कोणी केली असेल असं मला वाटत नाही. लाल हाकामा तेवढा होता, आणि तो ती आधीपासूनच नेसत होती.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट चौदाव्या-पंधराव्या भागातली आहे. उरासुए नावाची चेटकीण किक्योच्या थडग्यातली राख-माती चोरते, भट्टीत भाजून तिची काया बनवते आणि तिला परत उठवते. आता काएदेसमोर तिची थोरली बहीण उभी आहे. पूर्वी होती तशीच. काळेभोर केस, ताठ मान, चेहऱ्यावर सुरकुती नाही. काएदे पांढऱ्या केसांची, वाकलेली, आणि तिच्या तोंडून शब्द येतो 'ओनेएसामा'. ताईसाहेब.

पहिल्या खेपेला हे दृश्य मी किक्यो आणि कागोमेसाठी पाहिलं होतं. कागोमे म्हणजे किक्योचाच पुनर्जन्म, एकीचा आत्मा दुसरीत आहे, आता इनुयाशा कोणाचा, वगैरे. या खेपेला मी थांबवून मागे नेलं ते त्या एका शब्दासाठी. ताईपेक्षा तिप्पट वयाची झाली तरी ही धाकटीच. आणि ताईला, जी आता मनात फक्त राग घेऊन उठली आहे, या म्हातारीत आपली चिमुरडी सापडायला किती कठीण जात असेल! ताकाहाशीबाई तिथे फार रेंगाळत नाहीत. त्यांना लढाई गाठायची असते. मी रेंगाळलो, कारण मला हे घरातलं माहीत होतं.

साताऱ्याच्या घरी माजघरात एक फोटो होता. टोपी घातलेला, नुकती मिसरूड फुटलेला, कॅमेऱ्याला किंचित घाबरलेला मुलगा. आजीचा दादा. एकोणिसाव्या वर्षी विषमज्वराने गेला, तेव्हा आजी नऊ वर्षांची. पाठचापुढचा दुसरा भाऊ नाही. भाऊबीजेला आजी अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायची, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं, आणि आत येताना तबक हातात तसंच धरून फोटोसमोरून जायची. थांबायची नाही. चाल जरा मंद व्हायची, एवढंच. ऐंशीच्या घरात गेली तरी "दादाला असलं उधळेपण आवडायचं नाही हो" असं म्हणून आम्हाला दटावायची, आणि आम्ही फोटोकडे बघायचो तर त्या पोराने आयुष्यात कधी काही उधळायला मिळालं असेल असं वाटायचंच नाही. माझ्या विसाव्या वाढदिवशी ओवाळून झाल्यावर तिने मला नीट निरखलं आणि म्हणाली, "दादापेक्षा मोठा झालास की रे." मला तेव्हा ते विचित्र वाटलं. ती स्वतः तर त्याच्यापेक्षा मोठी होऊन साठ वर्षं उलटून गेली होती. ते मात्र तिने कधी मोजलं नाही.

असो. काएदेकडे येतो.

मालिकेत आणखी एक म्हातारा आहे, टोकियोच्या बाजूचा. कागोमेचे आजोबा, देवळाचे पुजारी. घरातल्या दर वस्तूला इतिहास असतो यावर यांचा ठाम विश्वास, आणि ऐकणारा एकही नाही. नातीच्या पंधराव्या वाढदिवसाला हे पाणराक्षसाचा वाळवलेला पंजा भेट देतात. ती तो मांजरापुढे टाकते. नात विहिरीपलीकडे गेली की शाळेत तिच्या नावावर एकेक आजार कळवायचं कामही यांच्याकडे, आणि आजार सुचतात ते सगळे स्वतःच्या वयाचे, संधिवात वगैरे. मला हे गृहस्थ फार आवडतात. पण पहिल्याच भागात ते काय करतात पाहा. देवळात येणाऱ्यांना विकायला म्हणून त्यांनी किल्ल्या अडकवायच्या साखळ्या आणल्या आहेत, टोकाला काचेची गोटी. शिकोनचा मणी म्हणून. ज्या मण्यापायी काएदेची ताई गेली, जो तिने लहान हातांनी चितेवर ठेवला असेल, त्याची पाचशे वर्षांनी ही गत. कागोमे ती गोटी बघून जांभई देते. आजोबांचं चुकतं असं नाही. गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली, गोष्टीतली म्हातारी पोचली नाही. मणी, बाण, झाड सगळं टिकलं. ते झाड तर अजून देवळाच्या आवारात उभं आहे. पाला वाटणारे हात कोणी साखळीला लावून विकत नाही.

शेवटाकडे एक छोटी सोय काएदेच्या पदरात पडते. रिन नावाची अनाथ पोर सेशोमारूबरोबर, म्हणजे इनुयाशाच्या सावत्र भावाबरोबर, रानोमाळ भटकत असते. सगळी धामधूम संपल्यावर ती काएदेकडे राहायला येते, माणसांत राहायची सवय व्हावी म्हणून. पुढे कोणाबरोबर राहायचं ते मोठी झाल्यावर तिचं तिने ठरवावं. सेशोमारू अधूनमधून येतो, किमोनो वगैरे देऊन जातो, घरात येत नाही. कागोमेही तीन वर्षांनी परत येते ती कायमची, आणि औषधी पाला ओळखायला शिकू लागते. म्हणजे त्या आगटीपाशी आता दोन पोरी. एकीचं तोंड अगदी ताईसारखं. ताकाहाशीबाईंनी त्यावर एक अक्षर खर्च केलेलं नाही, आणि बरंच केलं. २०२० साली पुढच्या पिढीची मालिका आली, तिच्यातही काएदे आहेच. बाकीचे कोण कुठे हरवले, कोण कशात अडकले. ही आपली गावात.

आजी शहाऐंशीव्या वर्षी गेली. तिचा फोटो कुठला लावायचा यावर घरात थोडी चर्चा झाली. काकांचं म्हणणं तरुणपणीचा लावू, आईचं म्हणणं आम्ही ओळखतो ती लावू. आईचं चाललं. दातांची कवळी काढलेली, डोळे बारीक करून हसणारी आजी माजघरात दादाशेजारी लागली, एकाच खिळ्यांच्या ओळीत.

गेल्या महिन्यात तिथला पंखा बदलायला एक वायरमन आला होता. शिडीवर चढताना त्याने दोन्ही फोटो सांभाळून उतरवून माझ्या हातात दिले. पुसत पुसत म्हणाला, "आजीबाई गोड आहेत. आणि हा नातू का त्यांचा? लहानपणीच गेला?"

"नाही," मी म्हटलं. "थोरला भाऊ."

त्याने पुन्हा एकदा दोन्हींकडे पाहिलं, आणि स्क्रूड्रायव्हर मागितला.