दुसरं आधी की नर्सिंग आधी?

पाण्याच्या वेळेला गॅलरीत, ठाणे-वाशी लोकलच्या बायकांच्या डब्यात, लेकीच्या शाळेच्या गेटवर. विचारणाऱ्या बदलतात, प्रश्न तोच राहतो. लग्न झालेलं, पदरी एक मूल, आणि नर्सिंगचा फॉर्म भरावा की नाही या घोळात असलेल्या मुली मला गाठून विचारतात, "ताई, दुसरं आधी उरकून घेऊ का कोर्स आधी करू?" 'उरकून' हा शब्द बहुतेकींच्या तोंडी असतो, जणू बादलीभर धुणंच आहे.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या घरी हा निर्णय सासूबाईंच्या गुडघ्यांनी घेतला.

आम्ही कोपरखैरणेला माथाडींच्या वसाहतीत राहतो. सासऱ्यांचं आयुष्य वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये गोणी उचलण्यात गेलं, नवरा रबाळ्याला एमआयडीसीत शिफ्टला जातो. मी जीएनएमचा, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचा, फॉर्म आणला तेव्हा २८ वर्षांची होते, लेक ४ वर्षांची. रात्री जेवणं झाल्यावर मी विषय काढला. सगळे गप्प. मग सासूबाई भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "एक मी सांभाळीन. दोन नाही सांभाळणार. तान्ह्याला घेऊन जिना चढा-उतरायचे माझे गुडघे राहिले नाहीत. काय ते ठरव." चर्चा तिथंच संपली. मला त्यांचा राग आला नाही. इतका स्वच्छ हिशेब मला आजवर दुसऱ्या कुणी दिलेला नाही.

माझी बारावी आर्ट्सची. सायन्स नसेल तर नर्सिंगचं नाव काढू नये असं आमच्याकडे अजून बऱ्याच जणी समजतात. बीएस्सी नर्सिंगला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी लागतं हे खरं. पण जीएनएमला कुठल्याही शाखेची बारावी चालते. ४० टक्के हवेत आणि इंग्रजीत पास. कोर्स ३ वर्षांचा.

एका कॉलेजात कागद तपासणाऱ्या बाबूने माझं मॅरेज सर्टिफिकेट पाहिलं आणि म्हणाला, "एकच आहे ना? मग दुसरं राहणार असेल. असं करा, कोर्स संपेपर्यंत राहणार नाही असं लिहून द्या." मागे रांगेत १७-१८ वर्षांच्या पोरी उभ्या होत्या. मी फाइल उचलली, रिक्षा केली आणि ठाणे स्टेशनच्या सॅटिस पुलापर्यंत रडत आले. पुढे ठाण्यातच दुसरीकडे ॲडमिशन मिळाली, तिथं असं काही लिहून मागितलं नाही. लग्न झालेल्या बाईला ॲडमिशन देऊ नये असा नियमच नाही. पण आता तिसऱ्या वर्षाला आल्यावर एक कबूल करते: त्या बाबूला पडलेली काळजी खोटी नव्हती. फक्त ती त्याने माझ्या गर्भाशयावर सही मागून मिटवायची नव्हती.

काळजी कसली ते सांगते, कारण फॉर्म भरताना हे कुणी फोड करून सांगत नाही. नर्सिंगला वर्गातली हजेरी थोडी इकडेतिकडे झाली तर निभावतं. वॉर्डातले तास मात्र शंभर टक्के भरावे लागतात, नाहीतर सर्टिफिकेट हातात येत नाही. बुडालेला प्रत्येक दिवस नंतर उभं राहून फेडायचा. आणि बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा, जी २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांना मिळते, ती नोकरी करणाऱ्या बाईची. त्यासाठी आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं लागतं. आपण विद्यार्थिनी. आपल्याला रजा नाही, आपल्याला फक्त बॅच पुढे गेलेली दिसते.

माझ्या वर्गातल्या एकीला दुसऱ्या वर्षाला दिवस गेले. ड्रेसिंगच्या ट्रॉलीचा वास आला की तोंडावर हात धरून बाहेर पळायची. एक्स-रेच्या बाजूला, क्षयाच्या पेशंटजवळ तिला पाठवायचं नाही, म्हणून ड्युटी लावताना ट्यूटर वैतागायच्या आणि तिच्या जागी गेलेल्या मुलीही कुरकुरायच्या. (मीही कुरकुरले. चांगुलपणाचा आव आणत नाही.) बाळंत झाली, माहेरी राहिली, आमच्या ज्युनियर्सबरोबर परत आली. आता छान चाललंय तिचं. म्हणजे जमतच नाही असं नाही. पण तिची आई कळव्याला स्वतःच्या घरात, तळमजल्याला राहते.

लसींचंही बघून ठेवा. कावीळ बी ची लस घेतलेली नसेल तर तीन डोस, पहिला आणि तिसरा यांत ६ महिन्यांचं अंतर. एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस) घ्यायची झाली तर नंतर महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत.

आता ३५ चा आकडा. सगळ्या बायका मला त्याचीच भीती घालतात, पस्तिशीच्या आत दुसरं होऊन जाऊ दे म्हणून. गंमत अशी की जीएनएमच्या ॲडमिशनची वयोमर्यादाही ३५ च आहे. एकच आकडा दोन दारांवर. फरक इतकाच की कॉलेजचं दार ३५ ला कुलूप लागून बंद होतं. दुसरं दार त्या वयानंतर करकरतं, जोर लावावा लागतो, तपासण्या वाढतात, पण ते असं तारखेला बंद होत नाही. मी आधी कुलूपवालं दार धरलं. तुमचं वय २३ असेल तर हा हिशेब तुमच्या कामाचा नाही, तुम्हाला दोन्ही दारं उघडी आहेत.

मागच्या महिन्यात लेबर रूमला नाइट होती. पार्टोग्राफचा कागद माझ्याकडे. गर्भाशयाचं तोंड ४ सेंटीमीटर उघडलं की पुढची प्रगती त्या कागदावर मांडत जायची, फुल्ल्या तिरक्या रेघेच्या डावीकडे राहतायत ना हे बघायचं. पेशंट ३६ वर्षांची, दुसरी खेप, पहिला मुलगा दहावीला. कळ ओसरली की बोलायची, कळ आली की माझं मनगट धरायची. अशाच एका उसंतीत तिनं विचारलं, "सिस्टर, तुम्हाला किती?" म्हटलं, एक मुलगी. "मग दुसरं?" एवढं म्हणेपर्यंत तिला पुढची कळ आली. मी तिच्या कमरेला हात लावून उभी राहिले आणि मला हसू आवरेना. पहाटे मुलगी झाली. वजन करून, टॅग बांधून आईच्या छातीवर ठेवलं तेव्हा माझेही हात जरा वेळ तिथंच रेंगाळले, हे खरं.

मला दुसरं हवंय. हे कुणी विचारत नाही, सगळ्या फक्त कधी ते विचारतात. परीक्षा झाली, रजिस्ट्रेशन झालं, नोकरी लागली, ८० दिवस भरले की बघू, असं मी नवऱ्याला सांगितलंय. तो मान हलवतो. तान्ह्याला कोण बघणार, हे त्यानं अजून विचारलेलं नाही. पोरीला शाळेत सोडायला तो शिकला, त्यालाच दीड वर्ष लागलं.

परवा रात्री मी केसबुक पूर्ण करत बसले होते. सासूबाई शेजारी गुडघ्याला तेल चोळत होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर ऑपरेशन करून घ्या म्हणतोय. दोन्ही." मी वर पाहिलं. "तुझी परीक्षा होऊ दे. मग माझे गुडघे. मग तुझं काय ते."

मी वहीच्या मागच्या पानावर महिने मोजायला घेतले.