औषधाचा रकाना

गोव्यात चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की आमच्या ओपीडीत तारवटी दिसायला लागतात. बोटीवरच्या नोकरीतून सुटीवर आलेले, डिचोली-साखळी-पेडण्याकडचे. बायकोला आत पाठवतात आणि आपण बाहेर पंख्याखाली मोबाइल बघत उभे राहतात. यंदाचा एक मात्र आत येऊन बसला. त्याच्या खिशात डायरी होती.

त्याच्या बायकोला माझ्याकडून फक्त चिठ्ठी हवी होती. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात 2023 पासून आयव्हीएफ (टेस्ट-ट्यूब बेबीचा उपचार) विनामूल्य झालं, तेव्हापासून अशा चिठ्ठ्या आम्ही पुष्कळ लिहितो. वय 31. कार्डावर ‘प्रायमरी इन्फर्टिलिटी, 4 वर्षं’, म्हणजे एकदाही दिवस गेलेले नाहीत. ट्यूबा मोकळ्या, थायरॉइड ठीक, साखर ठीक. घरकाराचा वीर्याचा रिपोर्टही चांगला, पण तो सगळ्यात शेवटी केलेला. नेहमी असंच असतं. बाईची ट्यूब तपासून होते, नवस बोलून होतो, देवळात कौल लावून होतो, आणि मग कुणाला तरी आठवतं की मूल व्हायला दोघं लागतात. डॉक्टरांनाही तेव्हाच आठवतं, हे आणखी वाईट.

चिठ्ठी निम्मी झाली होती. सहज विचारलं, “या चार वर्षांत तुम्ही घरी किती दिवस होता?”

त्याने डायरी उघडली. माणूस इंजिन रूममधला ऑइलर. दर वॉचला, म्हणजे ड्यूटीला, तापमान, दाब, तेलाची पातळी लिहायची सवय अंगात मुरलेली. सुटीत बायकोच्या पाळीचंही त्याने लॉगबुकच केलं होतं. पट्टी धरून आखलेले रकाने: पाळी, संबंध, औषध. चार वर्षांत तीन सुट्या, मिळून साडेसात महिने. तिची पाळी 36 दिवसांनी येणारी. म्हणजे चार वर्षांत एकूण सहा खेपा. वर्षभर एकत्र राहून दिवस गेले नाहीत तर तपासण्या सुरू कराव्यात, बाई पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिन्यांनी, असा आमचा नियम. यांचं एकत्र राहण्याचं एक वर्षही भरलं नव्हतं आणि ट्यूबेत औषध सोडून एक्स-रे काढून झाला होता.

संबंधाच्या रकान्यात प्रत्येक वेळी बारा ते सोळा या दिवसांवर खुणा. चौदावा दिवस महत्त्वाचा, असं कुणीतरी सांगितलेलं. हा चौदावा दिवस आमच्या धंद्याला लागलेली कीड आहे. 28 दिवसांच्या पाळीला तो बरोबर. अंडं फुटतं, म्हणजे बीजकोशातून बाहेर पडतं, ते पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी, मागच्या पाळीनंतर 14 दिवसांनी नव्हे. हिच्या बाबतीत ते बाविसाव्या दिवसाच्या आसपास यायला हवं. फुटलेलं अंडं जेमतेम दिवसभर टिकतं, पण पुरुषबीज आत पाच दिवसांपर्यंत तग धरतं. म्हणून अंडं फुटण्याआधीचे दिवस धरायचे असतात, एक दिवसाआड केलं तरी पुरतं. हे लोक दर खेपेला थोडक्यात चुकत होते.

मग सोळानंतर थांबले का? मी तिसऱ्या रकान्याकडे बघितलं. औषध: 18 ते 23. पुढच्या खेपेला 19 ते 24.

“हे कसलं औषध?”

ती हळूच म्हणाली, “पांढरें वता न्ही, दोतोर. ताचें.” पांढरं जातं. तार धरते, खाज नाही, वास नाही. अंड्यातल्या पांढऱ्यासारखं. म्हणजे शरीर सांगत होतं, हेच ते दिवस. आणि तिला आतून ठेवायच्या, सहा रात्रींच्या गोळ्या दिल्या होत्या, वर ‘कोर्स संपेपर्यंत संबंध नको’ असं लिहून. तिने दोन वर्षं दर खेपेला त्याच पुन्हा आणल्या. आमच्याकडे फार्मसीत कोण अडवतं!

जुने कागद उलटले. पहिल्या चिठ्ठीवरचं अक्षर माझंच होतं. त्या दिवशी ओपीडीत सत्तर बायका असतील. ‘पांढरं जातं’ म्हटलं की हात आपोआप पॅडवर चालतो. तपासलं नव्हतं, कधी जातं तेही विचारलं नव्हतं.

“म्हज्यांत कितें उणें आसा?” तिने विचारलं. काही नाही, म्हटलं. गोळ्या बंद करा, फॉलिक अ‍ॅसिड रोज 400 मायक्रोग्रॅम घ्या (चार वर्षांत तेही कुणी दिलं नव्हतं), आणि दिवस मांडून दिले. तिचा त्या दिवशी बारावा दिवस होता. तो बोट पकडायला मुंबईला निघणार एकविसाव्या दिवशी. चार दिवस पुढे ढकलता येईल का म्हणून त्याने व्हरांड्यातून एजंटला फोन लावला. परत आला तो मान हलवत. मग आम्ही सोळा, अठरा, वीस ठरवलं, आणि त्याने रकाना आखून घेतला.

गोळ्या मी लिहिल्या होत्या हे मी त्यांना सांगितलं नाही. त्याने औषधाच्या रकान्यावर बोट ठेवलं होतं, माझ्याकडे बघितलंही होतं. कदाचित त्याने अक्षर ओळखलं असेल. इंजिनवाले लोक, नोंदीत चूक कुणाची हे त्यांना कळतं.

बांबोळीची चिठ्ठी निम्मी लिहिलेलीच ड्रॉवरमध्ये आहे. तो गेला. तिचा छत्तिसावा दिवस होऊन आज पाच दिवस झाले. ती अजून आलेली नाही, आणि कार्डावर तिचा नंबर असूनही मी फोन केलेला नाही.